अ‍ॅक्युपंक्चर कोणत्या तक्रारींसाठी घ्यावे? नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

अ‍ॅक्युपंक्चरचा, म्हणजे शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या उपचाराचा, विचार प्रथमच करणाऱ्याच्या हाती बहुधा एक लांबलचक यादी पडते. कंबरदुखी, दमा, अर्धशिशी, वंध्यत्व, निद्रानाश अशा कितीतरी तक्रारी तीत एकाखाली एक लिहिलेल्या असतात आणि हा उपचार त्या सगळ्यांना सारखाच लागू पडतो, असा वाचणाऱ्याचा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. काही तक्रारींमध्ये या उपचाराला बऱ्यापैकी भक्कम आधार आहे, काहींमध्ये आधार तोकडा आहे आणि काहींमध्ये मोठ्या चाचण्या होऊन उपयोग होत नसल्याचे दिसून आले आहे. अनेक याद्यांचे मूळ जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या एका आढाव्यात सापडते. नियंत्रित चाचण्यांतून परिणामकारकता सिद्ध झाली आहे असे म्हणून त्यात २८ विकार नोंदवले होते, आणि त्यांत पक्षाघात व उच्च रक्तदाबही होते. मात्र त्या आढाव्यात लहान आणि सदोष रचनेच्या चाचण्याही जमेस धरल्या गेल्याची टीका पुढे झाली, आणि त्यानंतरच्या काळात अधिक मोठ्या व काटेकोर चाचण्यांनी चित्र बरेच बदलले. त्यामुळे जुनी यादी हाती धरून निर्णय घेणे योग्य नाही. आपल्या तक्रारीसाठी हा उपचार कशाच्या तुलनेत उपयोगी ठरला, किती प्रमाणात ठरला आणि किती आठवड्यांत ठरला, एवढे विचारायला शिकले की निवड पुष्कळ सोपी होते. पुढील टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत.

पहिला टप्पा : आधी निदान, मग सुई

अ‍ॅक्युपंक्चर हा प्रामुख्याने लक्षणे हलकी करणारा उपचार आहे. लक्षण का उद्भवले याचा शोध तो घेत नाही, म्हणून तो शोध वैद्यकीय तपासणीतून आधीच झालेला असला पाहिजे. दुखणे कमी झाल्यामुळे मूळ आजार लपून राहिला आणि उपचाराला उशीर झाला, हा या मार्गातील सर्वांत मोठा धोका आहे, आणि माझ्या मते तो सुईमुळे होणाऱ्या कोणत्याही इजेपेक्षा अधिक गंभीर आहे.

पुढील लक्षणे असतील तर अ‍ॅक्युपंक्चरचा विचार बाजूला ठेवून तातडीने रुग्णालयात जावे. कंबरदुखीसोबत लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पायांतील ताकद कमी होत जाणे, ही मज्जातंतू दाबले जात असल्याची खूण असू शकते. डोकेदुखी अचानक, काही क्षणांत असह्य झाली असेल, तिच्यासोबत ताप आणि मान ताठरणे असेल, किंवा बोलण्यात, दिसण्यात अथवा हातापायांच्या हालचालींत बिघाड असेल, तर ती साधी डोकेदुखी समजू नये. छातीत दुखणे, धाप लागणे, पोटात अचानक तीव्र कळ येणे यांनाही हेच लागू आहे. ज्यांना पूर्वी कर्करोग झाला आहे, ज्यांचे वजन कारणाशिवाय घटत आहे किंवा ज्यांना रात्री झोपेतून जाग आणणारे दुखणे आणि ताप आहे, त्यांनी दुखण्याचे कारण आधी तपासून घ्यावे.

निदान झाल्यावर डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात. या तक्रारीसाठी पहिल्या पसंतीचा उपचार कोणता, आणि तो सुरू ठेवून सोबत अ‍ॅक्युपंक्चर घेण्यास काही हरकत आहे का? सोबत घेणे आणि ऐवजी घेणे यांत फार अंतर आहे, आणि जवळपास सर्व चांगला पुरावा सोबत घेण्याच्या बाजूचा आहे.

दुसरा टप्पा : पुरावा वाचण्याची एक किल्ली

हा टप्पा थोडा कोरडा वाटला तरी वगळू नये, कारण पुढच्या सगळ्या आकड्यांचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्यांत साधारणपणे तीन प्रकारची तुलना केली जाते. पहिल्या प्रकारात एका गटाला अ‍ॅक्युपंक्चर मिळते आणि दुसरा गट नुसती वाट पाहतो किंवा नेहमीची काळजी घेत राहतो. दुसऱ्या प्रकारात तुलना औषधाशी असते. तिसऱ्या प्रकारात दुसऱ्या गटाला लटका उपचार दिला जातो. म्हणजे सुया भलत्याच जागी, अगदी वरवर टोचल्या जातात, किंवा त्वचेला स्पर्श करून स्वतःच्याच दांड्यात मागे सरकणारी बोथट सुई वापरली जाते, जेणेकरून रुग्णाला आपल्याला खरा उपचार मिळाला की लटका हे कळू नये.

या तिन्ही तुलनांची उत्तरे वेगवेगळी येतात. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी याचे उत्तम उदाहरण आहे. सहा महिन्यांनंतर खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या गटातील ४७.६ टक्के, लटक्या अ‍ॅक्युपंक्चरच्या गटातील ४४.२ टक्के आणि औषधे, व्यायाम व फिजिओथेरपी अशा प्रचलित उपचारांच्या गटातील २७.४ टक्के रुग्णांना पुरेसा आराम पडला होता. समर्थक यातून असे म्हणतात की हा उपचार प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरला, आणि टीकाकार असे म्हणतात की सुई कुठे टोचली याने काहीच फरक पडला नाही. दोघेही एकाच तक्त्याकडे बोट दाखवत असतात. रुग्णाने यातून इतकेच घ्यावे की आराम खरोखर पडतो, परंतु त्यातील मोठा वाटा अपेक्षा, विश्रांती, स्पर्श आणि उपचार करणाऱ्याने दिलेले लक्ष यांचा असतो, आणि नेमक्या बिंदूंचा वाटा बहुधा लहान असतो.

दीर्घकालीन वेदनांसाठी या विषयातील सर्वांत मोठे विश्लेषण २०१२ मध्ये आणि त्याची वाढवलेली आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या विश्लेषणात ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र केली होती. त्यात पाठ व मान, खांदा, झिजेचा संधिवात आणि डोकेदुखी या चारही तक्रारींमध्ये अ‍ॅक्युपंक्चर लटक्या उपचारापेक्षा थोड्या फरकाने आणि उपचार न घेण्यापेक्षा बऱ्याच मोठ्या फरकाने सरस आढळले. उपचार संपल्यानंतर वर्षभरात हा लाभ सुमारे १५ टक्क्यांनीच कमी झाला, ही त्यातील रुग्णांच्या दृष्टीने फार मोलाची नोंद आहे.

हे का घडते, याबद्दल थोडक्यात सांगायचे तर परंपरेने मानलेले ऊर्जावाहक मार्ग शरीररचनाशास्त्राला सापडलेले नाहीत. सुई टोचल्याने त्वचेतील व स्नायूंतील मज्जातंतू उद्दीपित होतात, आणि शरीरात एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात असे १९७० च्या दशकापासूनच्या प्रयोगांतून दिसले आहे. वेदनेच्या तक्रारींत हा उपचार सर्वाधिक उपयोगी का ठरतो, याचा अंदाज यावरून येतो.

तिसरा टप्पा : आपली तक्रार कुठे बसते ते पाहणे

*डोकेदुखी.* माझ्या मते अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करण्यास सर्वांत योग्य असा रुग्ण म्हणजे वारंवार अर्धशिशीचे झटके येणारा आणि रोजच्या प्रतिबंधक गोळ्या न सोसणारा रुग्ण. कॉक्रेन या आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये २२ चाचण्यांतील ४९८५ जणांची माहिती तपासली. नेहमीच्या काळजीसोबत अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के जणांच्या झटक्यांची संख्या निम्म्यावर आली, तर न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होते. लटक्या उपचाराशी तुलना केली तेव्हा आकडे ५० आणि ४१ टक्के असे होते. प्रतिबंधक औषधांशी तुलना केल्यावर तीन महिन्यांनी ५७ विरुद्ध ४६ टक्के असा निकाल आला आणि सहा महिन्यांनी हा फरक जवळजवळ पुसला गेला. म्हणजे ज्यांना औषधांचे दुष्परिणाम होतात त्यांच्यासाठी हा साधारण तुल्यबळ पर्याय ठरतो. लक्षात ठेवायचे ते इतकेच की हा उपचार झटके कमी यावेत यासाठी आहे. झटका सुरू असताना घ्यायच्या औषधाची जागा तो घेत नाही.

ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीतही चित्र आशादायक आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कॉक्रेन आढाव्यात नेहमीची काळजी घेणाऱ्यांपैकी १९ टक्के, तर सोबत अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्यांपैकी ४८ टक्के जणांची डोकेदुखी निम्म्याने कमी झाली होती. ब्रिटनमधील नाइस ही उपचारांच्या मार्गदर्शिका ठरवणारी संस्था ताण-डोकेदुखीच्या प्रतिबंधासाठी, आणि ठरावीक औषधे चालत नसल्यास अर्धशिशीसाठीही, पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त दहा सत्रे विचारात घेण्यास सांगते.

*कंबर, पाठ आणि मान.* येथे तज्ज्ञांमध्येच उघड मतभेद आहेत आणि नवख्या रुग्णाने ते जाणून घेतलेले बरे. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी औषधांआधी विचारात घ्यायच्या उपचारांत अ‍ॅक्युपंक्चरचा समावेश केला. तेथील मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना जानेवारी २०२० पासून १२ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ सत्रांचा खर्च देते, सुधारणा दिसल्यास आणखी ८ सत्रे देते आणि वर्षाला २० च्या पुढे जात नाही. याउलट नाइसने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असे ठरवले, कारण लटक्या उपचारापेक्षा पुरेसा फरक त्यांना दिसला नाही. पुरावा बराचसा तोच, पण निष्कर्ष दोन. तुलना कशाशी करायची याबाबतच्या निवडीतून हे घडले. मात्र २०२१ मध्ये त्याच संस्थेने, ज्या दीर्घकालीन वेदनेमागे दुसरा कोणताही आजार सापडत नाही किंवा जी त्या आजाराच्या मानाने फार जास्त असते, तिच्यासाठी मर्यादित सत्रांचा विचार करावा असे सुचवले. व्यवहारात पाहता, चालणे आणि व्यायाम सुरू ठेवता यावा एवढा आराम अ‍ॅक्युपंक्चरने मिळत असेल तर ते घ्यावे; व्यायाम टाळण्यासाठी घेऊ नये.

*गुडघ्याची झीज.* दुखणे थोडे कमी होते, झीज भरून येत नाही. संधिवाततज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेची गुडघा, कंबरेचा सांधा आणि हात यांच्या झिजेसाठी सशर्त शिफारस आहे. नाइसने २०२२ मध्ये ती नाकारली. वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणे हेच येथे मुख्य काम आहे.

*मळमळ आणि उलटी.* वेदनेखेरीज ज्या तक्रारीत पुरावा खरोखर चांगला आहे ती हीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९९७ मध्ये भरवलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने शस्त्रक्रियेनंतरच्या आणि केमोथेरपीमुळे होणाऱ्या मळमळीसाठी तसेच दातांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी हा उपचार परिणामकारक असल्याचे म्हटले होते. मनगटाच्या आतल्या बाजूस, तळहाताखालच्या घडीपासून सुमारे तीन बोटे वर, दोन ठळक शिरांसारख्या दिसणाऱ्या स्नायुबंधांच्या मधोमध जो बिंदू आहे, त्यावर सुई, दाब किंवा मनगटपट्टी यांपैकी काहीही वापरले जाते. या एकाच बिंदूवर २०१५ पर्यंत झालेल्या ५९ चाचण्यांत ७६६७ रुग्णांचा समावेश होता. भूल दिल्यानंतरची मळमळ लटक्या उपचाराच्या तुलनेत कमी झाली आणि उलटीरोधक औषधांच्या तुलनेत फारसा फरक दिसला नाही. बोटाने दाब देणे स्वतःलाही जमते आणि त्यात सुई टोचण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून ज्यांना सुईची भीती वाटते त्यांनी येथून सुरुवात करण्यास हरकत नाही. केमोथेरपी घेणाऱ्यांनी मात्र उलटीरोधक औषधे मुळीच बंद करू नयेत.

*कर्करोगाच्या उपचारांमुळे होणारा त्रास.* स्तनाच्या कर्करोगानंतर दिल्या जाणाऱ्या हार्मोनरोधक गोळ्यांच्या एका गटामुळे सांधे इतके दुखतात की अनेक स्त्रिया त्या मध्येच सोडून देतात, आणि कर्करोग उलटण्याचा धोका वाढतो. अशा २२६ स्त्रियांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांच्या अ‍ॅक्युपंक्चरने वेदना लटक्या उपचारापेक्षा अधिक कमी झाल्या. हा फरक दहा गुणांच्या मापनात सरासरी एका गुणाच्या आसपास, म्हणजे माफकच होता. तरीही गोळी चालू ठेवण्याचे बळ त्यातून मिळत असेल तर तो माफक फरकही महत्त्वाचा आहे. कर्करोगावर मात्र अ‍ॅक्युपंक्चरचा काहीही परिणाम होत नाही, आणि तो होतो असे सांगणाऱ्या कोणाकडेही पुन्हा जाऊ नये.

*पोट, मूत्रमार्ग आणि ओटीपोट.* चीनमध्ये झालेल्या काही मोठ्या चाचण्यांमुळे या भागाकडे अलीकडे लक्ष वेधले गेले आहे. तीव्र, जुनाट बद्धकोष्ठतेच्या १०७५ रुग्णांना आठ आठवड्यांत सौम्य विद्युतप्रवाह जोडलेल्या सुयांची २८ सत्रे दिली गेली; आठवड्याला सरासरी तीन किंवा अधिक वेळा आपसूक व पूर्ण शौच होणाऱ्यांचे प्रमाण खऱ्या उपचारात ३१.३ टक्के आणि लटक्या उपचारात १२.१ टक्के होते. जुनाट प्रोस्टेटदाह व ओटीपोटातील वेदना असलेल्या ४४० पुरुषांवरील चाचणीत वीस सत्रांनंतर सुधारणा झालेल्यांचे प्रमाण ६०.६ विरुद्ध ३६.८ टक्के आढळले. हे निकाल उत्साहवर्धक आहेत, परंतु इतर देशांत तशाच मोठ्या चाचण्या होईपर्यंत त्यांच्याकडे सावध आशेनेच पाहावे.

*ऋतूनुसार होणारी अ‍ॅलर्जीची सर्दी.* अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेने, ज्यांना औषधे नको आहेत त्यांच्यासाठी हा एक पर्याय म्हणून मान्य केला आहे. लाभ लहान असतो.

*जेथे आधार तोकडा आहे.* निद्रानाश, नैराश्य, चिंता, मासिक पाळीतील वेदना आणि पक्षाघातानंतरचे पुनर्वसन यांवर पुष्कळ चाचण्या झाल्या आहेत, पण त्यांतील बऱ्याच लहान किंवा सदोष असल्याने ठाम काही म्हणता येत नाही. नैराश्यात आत्महत्येचे विचार येत असतील तर अ‍ॅक्युपंक्चरवर एक दिवसही विसंबू नये.

*जेथे अपेक्षाभंग ठरलेला आहे.* वंध्यत्वाच्या उपचारांत या सुयांवर फार खर्च केला जातो, म्हणून हे स्पष्ट सांगणे गरजेचे वाटते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन घडवण्याचा उपचार) करून घेणाऱ्या ८४८ स्त्रियांवरील २०१८ च्या चाचणीत अपत्यजन्माचे प्रमाण खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरमध्ये १८.३ टक्के आणि लटक्यामध्ये १७.८ टक्के होते. पीसीओएस हा अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा विकार असलेल्या १००० स्त्रियांवरील २०१७ च्या चिनी चाचणीतही अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही. रजोनिवृत्तीतील अंगाच्या वाफांसाठी ३२७ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत खरा आणि लटका असे दोन्ही गट सारखेच, सुमारे ४० टक्क्यांनी सुधारले. धूम्रपान सोडण्यासाठीही दीर्घकाळ टिकणारा लाभ दिसलेला नाही. मधुमेह, संसर्ग, हृदयविकार, थायरॉइड आणि अपस्मार यांची औषधे सुयांच्या भरवशावर कमी करणे धोकादायक आहे.

चौथा टप्पा : आपल्यासाठी हे सुरक्षित आहे का?

योग्य प्रशिक्षण घेतलेल्या हातांत हा उपचार बराच सुरक्षित आहे. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या नोंदींत ८.६ टक्के जणांना काही ना काही त्रास झाला, त्यातील बहुतेक त्रास म्हणजे थोडे रक्त येणे, काळेनिळे होणे किंवा टोचलेल्या जागी दुखणे, २.२ टक्के जणांना त्या त्रासावर उपचार घ्यावे लागले. फुप्फुसाला सुई लागून छातीत हवा भरणे ही गंभीर घटना इतक्या मोठ्या संख्येत फक्त दोघांच्या बाबतीत घडली. ती दुर्मीळ असली तरी लक्षणे ठाऊक असावीत: छाती, खांदा किंवा पाठीच्या वरच्या भागात सुया घेतल्यानंतर, काही तासांनी का होईना, धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत टोचू लागले, तर लगेच रुग्णालयात जावे आणि सुया घेतल्याचे तेथे आवर्जून सांगावे.

उपचारापूर्वी काही गोष्टी न विचारताही सांगाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणे किंवा रक्तस्राव लवकर न थांबण्याचा विकार असणे. पेसमेकर बसवलेला असणे, कारण अशा वेळी विद्युतप्रवाह जोडलेल्या सुया टाळल्या जातात. प्रतिकारशक्ती कमी असणे. हृदयाच्या झडपेचा विकार असणे, कारण कानात किंवा त्वचेत दिवसचे दिवस ठेवल्या जाणाऱ्या बारीक सुया अशा व्यक्तींसाठी योग्य नसतात. लसिका ग्रंथी काढल्यामुळे एखादा हात किंवा पाय सुजलेला असणे. धातूची अ‍ॅलर्जी असणे. आणि गरोदर असणे किंवा तशी शक्यता असणे. गरोदरपणात काही ठरावीक बिंदू टाळण्याची पद्धत आहे आणि अनुभवी उपचारक ती पाळतात.

पाचवा टप्पा : उपचारकाची निवड

आपण जेथे राहता तेथील कायद्यानुसार सुया टोचण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आधी पाहावे आणि त्याप्रमाणे नोंदणी आहे का, याची खात्री करावी. मग भेटीत सरळ प्रश्न विचारावेत. प्रशिक्षण कोठे आणि किती काळ झाले? माझ्यासारख्या तक्रारीचे रुग्ण नियमित येतात का? किती सत्रे लागतील आणि कितव्या सत्राला आपण पुनर्विचार करू? सुया एकदाच वापरून टाकल्या जातात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनीही तपासावे. पाकीट आपल्यासमोर फोडले जावे आणि वापरलेली सुई जाड डब्यात टाकली जावी. नीट निर्जंतुक न केलेल्या, पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे कावीळ बी पसरल्याच्या घटना पूर्वी घडल्या आहेत, म्हणून येथे संकोच करू नये.

खात्रीने बरे करण्याचे आश्वासन, डॉक्टरांची औषधे बंद करण्याचा सल्ला, किंवा पहिल्याच दिवशी वीस-तीस सत्रांचे पैसे आगाऊ मागणे, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर दुसरीकडे जावे.

सहावा टप्पा : पहिले सत्र

उपाशीपोटी जाऊ नये, कारण भोवळ येण्याची शक्यता वाढते. त्याच कारणासाठी पहिल्या वेळी बसून घेण्यापेक्षा आडवे पडून सुया घ्याव्यात. कपडे सैल असावेत. चालू औषधांची यादी सोबत न्यावी. पहिल्या भेटीला सुमारे तासभर लागतो, कारण तक्रारीची चौकशी सविस्तर होते. काही उपचारक जीभ आणि नाडीही पाहतात.

सुया केसासारख्या बारीक, साधारण पाव मिलिमीटर जाडीच्या आणि भरीव असतात, त्यामुळे इंजेक्शनच्या पोकळ सुईइतक्या त्या दुखत नाहीत. टोचताना बारीकशी चुणचुण होते आणि नंतर जडपणा, मुंग्या किंवा आत खोलवर ओढल्यासारखी जाणीव होते. ती अपेक्षित असते. विजेच्या झटक्यासारखी तीव्र कळ मात्र अपेक्षित नसते, आणि ती आली तर सहन न करता लगेच सांगावे. सुया बहुधा पंधरा ते तीस मिनिटे ठेवतात. त्या काळात अंग हलवू नये. सुया काढल्यावर काहींना गुंगी येते, म्हणून पहिल्या सत्रानंतर स्वतः वाहन चालवण्याऐवजी थोडा वेळ थांबावे. एक-दोन दिवस दुखणे किंचित वाढल्यासारखे वाटू शकते.

सातवा टप्पा : नोंद ठेवणे आणि वेळेवर निर्णय घेणे

बहुतेक रुग्ण नेमका हाच टप्पा गाळतात. पहिल्या सत्राच्या किमान दोन आठवडे आधी एक वही सुरू करावी. अर्धशिशी असेल तर झटक्यांचे दिवस आणि घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांची संख्या लिहावी. कंबर किंवा गुडघा असेल तर शून्य ते दहा या मापात वेदना आणि त्या दिवशी सलग किती मिनिटे चालता आले, हे लिहावे. वेदना ही आठवणीत बदलत जाते, आणि ज्या आठवड्यात दुखणे सर्वाधिक होते त्याच आठवड्यात आपण उपचार सुरू करतो, त्यामुळे नंतरचा आराम आपोआप आलेला असूनही तो उपचाराचा वाटू शकतो. आधीची नोंद असली म्हणजे ही गफलत टळते.

सुरुवातीला आठवड्यातून एक किंवा दोन सत्रे घेतली जातात. पाचव्या-सहाव्या सत्रानंतर वहीतील पहिले दोन आठवडे आणि शेवटचे दोन आठवडे शेजारी ठेवून पाहावेत. झटके, गोळ्या किंवा वेदनेचे गुण साधारण एक तृतीयांशाने तरी घटले असतील तर दहा ते बारा सत्रांचा क्रम पूर्ण करावा. काहीच हललेले नसेल तर उपचारकाशी बोलून एखाद-दोन सत्रांत पद्धत बदलून पाहावी, आणि तरीही फरक नसेल तर थांबावे. आणखी थोडे दिवस, आणखी थोड्या सुया असे करत वर्ष काढू नये.

आराम पडल्यास सत्रांमधील अंतर वाढवत न्यावे आणि शेवटी ती बंद करून पाहावीत. लाभ अनेकांमध्ये काही महिने टिकत असल्याने प्रत्येकाला कायम सुया घेत राहण्याची गरज नसते. वेदनाशामक किंवा प्रतिबंधक गोळ्या कमी करायच्या असतील तर वही घेऊन त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे जावे आणि त्यांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी कराव्यात. काही औषधे एकाएकी बंद केल्यास आधीपेक्षा जास्त त्रास होतो. काही महिन्यांनी तक्रार परतली तर जुन्या वहीतच नवी नोंद सुरू करावी, दुखण्याचे स्वरूप पूर्वीसारखेच आहे की बदलले आहे ते पाहावे, आणि बदलले असेल तर पुन्हा पहिल्या टप्प्यापासून, म्हणजे डॉक्टरांच्या तपासणीपासून सुरुवात करावी.